‘आम्ही’, ‘आपण’ आणि वाडी : पनवेल परिसरातील रचनात्मक कार्याकडे पाहताना

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा माणूस वगळला जातो आणि ‘आपण’ म्हणताना त्याला सामावून घेतले जाते. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद दोन ओळींत संपतो. सार्वजनिक जीवनात मात्र तो फार दूरवर पोहोचतो. समाजकार्य करणाऱ्या कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. ‘आम्ही विहीर बांधली’, ‘आम्ही शिबिर घेतले’, ‘आम्ही त्यांना प्रशिक्षण दिले’ अशी वाक्ये पानोपानी भेटतात. त्याच संस्थेच्या ध्येयधोरणाच्या पानावर मात्र ‘आपण सारे मिळून’ अशी भाषा असते. ध्येयाच्या पानावरचे ‘आपण’ कामाच्या पानावर येईपर्यंत ‘आम्ही’ आणि ‘ते’ असे दुभंगते. समता आणि लोकांचे स्वतःचे नेतृत्व ही मूल्ये मानणाऱ्या स्थानिक पुनर्रचनेच्या संस्थांविषयी विचार करायचा असेल, तर तो या दुभंगापासून सुरू करावा असे मला वाटते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडण्याचे कारणही हेच. हा प्रश्न पैशाचा आणि कायद्याचा आहे, तसाच तो निवेदनाचाही आहे.

उदाहरण म्हणून पनवेल तालुका घ्यावा. मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याच्या पुढे तारा हे गाव आहे. युसुफ मेहेरअली सेंटर या संस्थेचे ग्रामीण काम याच गावात उभे राहिले. डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी ही संस्था १९६१ साली स्थापन केली. जिचे नाव संस्थेला दिले ती व्यक्तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. युसुफ मेहेरअली (१९०३-१९५०) हे काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक प्रमुख नेते, १९४२ साली मुंबईचे महापौर झालेले आणि ‘सायमन गो बॅक’ व ‘क्विट इंडिया’ या घोषणांचे श्रेय ज्यांना दिले जाते असे कार्यकर्ते. पारीख हे व्यवसायाने डॉक्टर. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास भोगलेले, आणीबाणीत पुन्हा तुरुंगात गेलेले आणि ‘जनता’ हे समाजवादी साप्ताहिक दीर्घकाळ चालवणारे. ताऱ्याला दवाखाना आला, शाळा आली, घाणीचे तेल, साबण, मातीची भांडी असे ग्रामोद्योग आले. वयाची शंभरी ओलांडून २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, पारीख यांचे निधन झाले. स्वातंत्र्यचळवळीतून थेट रचनात्मक कार्यात आलेल्या पिढीचा एक दुवा त्या दिवशी निखळला.

अशा निधनानंतर आपल्याकडे जे लेखन होते त्याचा साचा ठरलेला आहे. त्याग, साधेपणा, निष्ठा, ‘आता असे लोक होणे नाही’. यातले काहीही खोटे नसते. पण या साच्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो : ज्या गावात हे काम झाले, त्या गावाने काय केले? गाव या लेखनात पार्श्वभूमीसारखे येते. डोंगर, पाऊस, कुडाच्या झोपड्या यांच्या बरोबरीने. ‘तिथे काहीच नव्हते’ हे अशा लेखांतले आवडते वाक्य. पनवेल परिसराच्या बाबतीत तरी हे वाक्य इतिहासाला धरून नाही.

या भागातली माणसे कुणी येऊन जागे करण्याची वाट पाहत होती असे दिसत नाही. आज उरण तालुक्यात असलेल्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी हेही होते. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ या काळात खोतीविरुद्ध कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले आणि डॉ. आंबेडकरांचा त्याला पाठिंबा लाभला. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह झाला होता. पुढे नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. पाच जणांनी प्राण गमावले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. जंगल, कूळहक्क, पाणी, जमीन या चारही प्रश्नांवर ज्या मुलखाने स्वतः निर्णय घेतले आहेत, त्याला ‘मागासलेला आणि मूक’ असे रंगवणारे निवेदन संस्थेला मोठे करते आणि लोकांना लहान करते.

मराठी साहित्यात याबाबत दोन परंपरा दिसतात. एक कार्यकर्त्याच्या व्यक्तिचित्राची. अनिल अवचट यांचे ‘कार्यरत’ हे या प्रकारातले लक्षणीय पुस्तक. त्यातली माणसे मोठी आहेत, लेखकाची नजर स्वच्छ आहे. तरीही व्यक्तिचित्र या प्रकाराची म्हणून एक मर्यादा असते. तिथे केंद्रस्थानी एकच माणूस मावतो. उरलेली माणसे त्याच्या कार्याचा पुरावा म्हणून येतात. त्याच अवचटांच्या ‘माणसं’मध्ये श्रमिकांचे आणि उपेक्षितांचे जगणे हाच विषय होतो, आणि एकाच लेखकाच्या हाती प्रकार बदलताच निवेदनाचा कर्ता कसा बदलतो हे पाहण्यासारखे आहे. दुसरी परंपरा गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाची. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या उठावावरचे हे पुस्तक लिहिणाऱ्या बाई स्वतः त्या लढ्याच्या नेत्या होत्या, पण शीर्षकातल्या वाक्याचा कर्ता ‘माणूस’ आहे. मी त्याला जागे केले असे ते शीर्षक सांगत नाही. क्रियापद अकर्मक आहे, आणि त्या अकर्मक क्रियापदात एक पूर्ण राजकीय भूमिका आहे.

संस्थांच्या अहवालांची भाषा याच्या नेमकी उलट चालते. तिथे दोन व्याकरणिक सवयी ठळक दिसतात. पहिली कर्मणी प्रयोगाची : ‘वाटप करण्यात आले’, ‘जनजागृती करण्यात आली’. कुणी केली, कुणाला विचारून केली, हे वाक्यातून गळून पडते. दुसरी ‘लाभार्थी’ या शब्दाची. हा शब्द सरकारी योजनांतून आला आणि संस्थांनी तो तपासून न पाहता स्वीकारला. ‘अर्थी’ म्हणजे मागणारा, इच्छा धरणारा. विद्यार्थी या शब्दात विद्येची इच्छा आहे आणि ती सन्मानाची आहे. लाभार्थी या शब्दात माणूस केवळ घेणारा म्हणून उरतो. साबण बनवणारी बाई, घाणीवर काम करणारा माणूस, चाकावर मडके घडवणारा कारागीर यांना लाभार्थी म्हणणे हे तर सरळच चुकीचे आहे. ते उत्पादक आहेत. त्यांच्या श्रमावर संस्थेचे नाव विकले जाते. त्यांना कामगार म्हटले तर मजुरीचा प्रश्न उपस्थित होतो. भागीदार म्हटले तर हिशेबाचा. लाभार्थी म्हटले की दोन्ही प्रश्न मिटतात, आणि या शब्दाची सोय हीच आहे.

इथवरचे प्रतिपादन मान्य करणारा वाचक म्हणेल : मग उपाय सोपा आहे. संस्थांनी ‘आम्ही’ सोडावे, निर्णय लोकांच्या हाती द्यावेत, गाव जे ठरवेल ते करावे. प्रश्नाची अवघड बाजू इथेच सुरू होते, आणि सहभागाविषयीचे बरेचसे लेखन इथेच थांबते.

गाव म्हणजे कोण? पनवेल तालुक्यातल्या गावांची रचना पाहिली तर गावठाण एका जागी असते. आगरी, कराडी, कुणबी, मराठा, मुसलमान, बौद्ध अशी वस्ती कमी-अधिक प्रमाणात असते. आणि ठाकरांची व कातकऱ्यांची वाडी डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून अंतर राखून असते. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव मिळाले त्या समाजाला जंगलाचे कायदे आल्यावर तो व्यवसाय उरला नाही. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील जे तीन समाज विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून गणले जातात, त्यांतला हा एक. अनेक वाड्या ज्या जमिनीवर वसल्या आहेत ती जमीनही त्यांच्या नावावर नाही. अशा वेळी ‘गावाने ठरवले’ या वाक्यातल्या गावात वाडी असते का?

याचे एक साधे, तपासता येण्याजोगे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या रूढ तारखा चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कातकरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारांपैकी दोन सभा होतात तेव्हा वाडीतले बहुतेक कर्ते स्त्री-पुरुष तालुक्याच्या, कधी जिल्ह्याच्या बाहेर असतात. कुणी त्यांना सभेला येण्यास मनाई केलेली नसते. दिनदर्शिकाच त्यांना वगळते. आणि उचल घेतलेला माणूस भट्टी सोडून सभेला येऊ म्हणाला, तरी तो येऊ शकत नाही, कारण त्याचे श्रम आधीच विकले गेलेले असतात. याला कायद्याची जोड पाहावी. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याने पाड्याला, वस्तीला स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा मार्ग मोकळा केला. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. इथल्या वाडीला मोठ्या गावाच्या सभेतच हात वर करावा लागतो, आणि संख्येने ती नेहमीच कमी असते.

म्हणून समता आणि लोकनेतृत्व ही दोन मूल्ये सहज एकत्र नांदतात असे समजण्याचे कारण नाही. ती परस्परांशी भांडू शकतात. गावच्या बहुमताने रस्ता, समाजमंदिर किंवा पाण्याची टाकी गावठाणात घ्यायचे ठरवले, तर ते लोकनेतृत्वच आहे. पण त्यात समता नाही. उलट बाहेरून आलेल्या संस्थेने ‘पहिली विहीर वाडीत’ असा आग्रह धरला, तर त्यात समता आहे आणि लोकांच्या निर्णयाचा अनादरही आहे. ‘आपण’ हे सर्वनाम जितके सामावून घेते तितकेच ते गिळूनही टाकते. बहुसंख्यांच्या तोंडी असलेले ‘आपण’ अल्पसंख्यांचा आवाज स्वतःत विरघळवून टाकते आणि वर एकोप्याचे श्रेय घेते. या तुलनेत संस्थेचा ‘आम्ही’ निदान आपले वेगळेपण लपवत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजली. निर्णय घेणारी ग्रामसभा आणि समजून घेणारा अभ्यासगट अशी विभागणी झाली. बाहेरच्या मित्रांनी अभ्यासगटात बसावे, निर्णय मात्र गावाचा, असा संकेत पडला. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना २००९ मध्ये झाली. परंतु मेंढा हे गोंडांचे, बव्हंशी एकजिनसी आणि लहान गाव आहे. सर्वसहमती तिथे शक्य झाली यात तिथल्या सामाजिक रचनेचाही वाटा आहे. पनवेलच्या बहुजिनसी, जमिनीच्या भावाने ताणलेल्या गावात सर्वसहमतीचा अर्थ पुष्कळदा ‘ज्यांना बोलता येत नाही त्यांची गप्प संमती’ असा होईल. मेंढ्याकडून इथे घेण्यासारखी गोष्ट अभ्यासगटाची आहे. निर्णयाच्या आधी समजून घेण्याची जागा, जिथे मत मोजले जात नाही आणि म्हणून संख्या चालत नाही.

माझे म्हणणे असे, की समतेचे मूल्य संस्थेच्या घटनेत लिहून भागत नाही आणि ते ‘लोकांवर सोडून’ही भागत नाही. ते कामाच्या बारीक रीतींत बांधावे लागते. वाडीची बैठक वाडीत आणि पावसाळ्यात घ्यावी, म्हणजे माणसे घरी असतात. वर्षाचा हिशेब छापून ठेवण्याबरोबर मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आकडे कळतात, आणि मजुराला तर ते चांगलेच कळतात. साबणाची किंवा तेलाची किंमत ठरवताना तो बनवणारी माणसे बैठकीत असावीत. विश्वस्त मंडळावर त्याच गावची, त्याच वाडीची माणसे असावीत आणि ती शोभेसाठी नसावीत, याचा पुरावा म्हणून कधीतरी एखादा ठराव त्यांच्या विरोधामुळे फेटाळला गेलेला असावा. ज्या संस्थेत आजवर एकही ठराव स्थानिक सभासदांनी हाणून पाडलेला नाही, तिथे नेतृत्व स्थानिक आहे असे मी मानणार नाही. आणि शेवटची गोष्ट संबोधनाची. गावातला पोर वाडीतल्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणतो आणि म्हातारा त्या पोराला ‘शेठ’ म्हणतो, अशा परिसरात संस्थेच्या आवारात सगळ्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणणे ही किरकोळ शिष्टाचाराची बाब नाही. बदलायला पैसा लागत नाही अशी ती विषमता आहे, आणि तीच सर्वांत चिवट असते.

यावर आक्षेप येईल की हे सारे वेळखाऊ आहे. आक्षेप खरा आहे, आणि आज तो अधिक जोराने येतो, कारण पनवेलला आता वेळ नाही. १८५२ पासून नगरपालिका असलेले हे जुने बाजाराचे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. ताऱ्यासारखी गावे जी एकेकाळी मुंबईपासून दूर म्हणून निवडली गेली, ती आता मुंबईच्या अंगणात आली आहेत. जमिनीचा भाव वाढला की संस्थेची जमीन, तिचे स्थान आणि तिच्या शेजारची वाडी या तिन्हींकडे पाहण्याची बाजाराची नजर बदलते. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यामुळे पैसा आला, पण त्याबरोबर प्रस्ताव, उद्दिष्टे आणि ‘लाभार्थी संख्या’ यांची इंग्रजी भाषाही आली. ही भाषा वाडीत कुणाला येत नाही. ज्याला ती येते तो शहरातून येतो, आणि हळूहळू संस्थेचा कारभार त्याच्याकडे जातो. जुन्या समाजवाद्यांचा ‘आम्ही’ निदान मराठीत होता. त्याच्याशी भांडता येत होते.

म्हणून संस्थापकाच्या निधनानंतरचा काळ अशा संस्थांसाठी निर्णायक ठरतो. संस्थापक असेपर्यंत समता त्याच्या स्वभावात असते. सर्वजण तिथून ती उसनी घेतात. तो गेल्यावर ती नियमांत आणि सवयींत उतरलेली आहे की नाही, हे दिसू लागते. हा प्रश्न ताऱ्यापुरता नाही. नेऱ्याच्या शांतिवनापासून आनंदवनापर्यंत, महाराष्ट्रात विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या प्रत्येक संस्थेला तो कधी ना कधी भिडतो. वारस नेमून तो सुटत नाही. घराण्याचा वारस असो वा विचाराचा. ज्यांच्यासाठी संस्था निघाली असे आपण म्हणतो, ती माणसे संस्थेला ‘आमची’ म्हणतात का, आणि म्हटल्यावर तिचे कुलूप उघडण्याची किल्ली त्यांच्याकडे असते का, एवढाच त्याचा निकष आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना इथे करण्यासारखे काम आहे. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, गौरवग्रंथ ही मराठी गद्याची मोठी आणि कुणी न वाचलेली राशी आहे. कादंबरी वाचताना आपण निवेदक कोण, कोण बोलतो, कोणाविषयी बोलले जाते हे विचारतो. तेच प्रश्न या गद्याला विचारावेत. पन्नास वर्षांचे अहवाल घेऊन ‘लाभार्थी’ हा शब्द कधी आला, ‘कार्यकर्ता’ कधी ‘कर्मचारी’ झाला, वाडीतल्या माणसाचे नाव पहिल्यांदा कर्ता म्हणून कुठल्या वाक्यात आले, याचा शोध घेणे हा चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. त्याच्या जोडीला दुसरे काम : वाडीतल्या माणसांकडून त्या संस्थेची हकिकत ऐकून ती त्यांच्या बोलीत लिहून घेणे. दवाखान्याच्या इतिहासात डॉक्टर काय सांगतात ते नोंदलेले असते. ज्या बाईने रात्री पोराला उचलून तिथवर आणले तिला त्या इमारतीविषयी काय वाटते, हे सहसा नोंदलेले नसते.

ती हकिकत नेहमी कृतज्ञतेचीच असेल असे नाही. तीत तक्रार असेल, विनोद असेल, संस्थेच्या मोठ्या माणसांची नक्कल असेल. तसे असेल तर ते शुभचिन्ह मानावे. ज्याच्याविषयी आपण मनमोकळी तक्रार करू शकतो, तेच आपले असते. चिरनेरच्या हुतात्म्यांच्या नावांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव इतरांच्या बरोबरीने आहे; त्या दिवशी जंगलात जाताना कुणी कुणाचा लाभार्थी नव्हता. पनवेलच्या मातीत ‘आपण’ हा शब्द तेव्हा एकदा पुऱ्या अर्थाने उच्चारला गेला होता. तो मरणाच्या प्रसंगी शक्य झाला. रोजच्या हिशेबाच्या वहीत, बैठकीच्या तारखेत आणि साध्या हाकेत तो शक्य व्हावा, हे काम अजून व्हायचे आहे.